टेपवाल्या साहेबांची शेवटची पाहणी

१

टेपवाले साहेब काकूंच्या शेततळ्यात पालथे तरंगताना सापडले, तेव्हा निम्म्या गावाने हळहळ व्यक्त केली आणि उरलेल्या निम्म्याने आपल्या अर्जांचं आता काय होणार याची चौकशी केली.

त्यात गावाला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. लहान शेतकऱ्यांसाठी सरकारची योजनाच तशी होती. आधी स्वतः तळं खोदायचं, आत प्लास्टिक अंथरायचं, भोवती कुंपण घालायचं आणि मग पाहणीला येणाऱ्या साहेबांची वाट बघत बसायचं. साहेबांनी मोजून ‘ठीक आहे’ म्हटलं की अनुदान मंजूर. या साहेबांच्या खांद्याला कायम एक कापडी टेप लटकत असे, पण ती उघडलेली कुणाच्या बापाने पाहिली नव्हती. तळं मोजायचं ते चहा पिता पिता, लांबून नजरेनेच. म्हणून ते टेपवाले साहेब.

फौजदारबाई या ठाण्यात बदलून येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांना घाई आवडत नसे आणि गर्दी तर त्याहून नाही. त्यांनी आधी बघ्यांना हाकललं, मग तळ्याच्या काठाशी उकिडव्या बसल्या.

प्लास्टिकच्या तळ्यासारखी फसवी जागा दुसरी नाही. उतरता काठ इतका गुळगुळीत की एकदा माणूस आत गेला की त्याला वर चढता येत नाही. म्हणून चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडावेत असा नियम आहे. काकूंच्या तळ्याला एकही दोर नव्हता.

“पाय घसरला, बाई. सरळ आहे,” हवालदार म्हणाले. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि जगातल्या सगळ्या गोष्टी सरळ असाव्यात असं त्यांना मनापासून वाटे.

“आपण आलो तेव्हा कुंपणाच्या दाराला बाहेरून कुलूप होतं ना?”

“होतं की. काकूंनीच उघडून दिलं.”

“मग बुडालेला माणूस बाहेर आला, कुलूप लावलं आणि पुन्हा आत जाऊन बुडाला?”

हवालदार वाकून कुलूप बघू लागले.

साहेबांच्या गळ्यात नायलॉनच्या दोरीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा होता. न सांगता पाहणी करता यावी म्हणून प्रत्येक तळ्याची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. काही किल्ल्या पितळी होत्या, काही लोखंडी. पितळी तशाच्या तशा पिवळ्या होत्या. लोखंडी मात्र तांबूस झाल्या होत्या आणि त्या ज्या कडीत ओवल्या होत्या तीही. बाईंनी एक किल्ली रुमालाने पुसून पाहिली. रुमाल कोराच राहिला. पाण्यातला गंज बोटाला लागतो, हा लागत कसा नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण तेवढ्यात पोलीस खात्यातल्या मोठ्या साहेबांचा फोन आला.

“त्या बाईला आत घ्या,” मोठे साहेब म्हणाले. “काल भर कचेरीत तिने त्याला मारायची धमकी दिली आहे. अख्ख्या कचेरीने ऐकलंय.”

२

ठाण्याच्या मागच्या खोलीत काकू बाकावर बसल्या होत्या. उन्हाने रापलेला चेहरा, मुठी घट्ट मिटलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्या जमिनीच्या तुकड्याशिवाय त्यांचं म्हणावं असं कुणी नव्हतं.

“तळ्याला सील लावलंत?” त्यांनी आधी हेच विचारलं.

“लावावं लागतं, काकू.”

“माझी संत्र्याची कलमं नवी आहेत. या उन्हात दिवसाआड पाणी लागतं. खाली विहिरीत चिखल राहिलाय नुसता. तळ्याला हात लावू दिला नाहीत तर आठवड्यात सगळी बाग जळेल, बाई.”

“काल कचेरीत काय झालं?”

काकूंनी डोळे मिटले. “किती वर्षं अर्ज करतेय मी. दर खेपेला नाही. शेवटी आमच्या शेतकरी संघाचे अध्यक्ष म्हणाले, तुम्ही खोदून तर घ्या, बाकी मी बघतो. खोदलं. काल मंजुरी विचारायला गेले, तर टेपवाला म्हणतो, तुम्हाला तळं आधीच मिळालंय, एका बाईला दोनदा मिळत नाही! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कुठंय माझं तळं? बोट ठेवून सांग कुठंय ते, नाहीतर तुला त्यातच बुडवते.”

“असं म्हणालात?”

“म्हणाले. खोटं कशाला बोलू?”

फौजदारबाईंनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. पुरावा म्हणून याहून चांगलं वाक्य कुठल्याही सरकारी वकिलाला सुचलं नसतं.

“तो काय म्हणाला त्यावर?”

“काही नाही. नुसता बघत राहिला. मग उठून स्कूटर काढली आणि गेला.”

“कुठे?”

“मला काय ठाऊक? पण बाई,” काकू पुढे वाकल्या, “मला तळं मिळालं असतं तर मी या वयात मजुरांबरोबर टोपल्या उचलल्या असत्या का?”

त्यांनी मुठी उघडल्या. तळहातावर फोड येऊन, फुटून, पुन्हा आलेले दिसत होते. त्या हातांनी माणूस बुडवता आला नसता असं नाही. रागात माणूस काय वाटेल ते करतो. पण बाईंना त्या बोलण्यातला एक सवाल सोडवेना. साहेब मरण्याआधी नेमके गेले कुठे?

त्याचं उत्तर हवालदार घेऊन आले. त्यांनी काकूंच्या तळ्यापाशी उभ्या असलेल्या साहेबांच्या स्कूटरची डिकी उघडली होती आणि त्यांचा चेहरा पडला होता.

“बाई, टेप बघा,” ते म्हणाले. “उघडलीय कुणीतरी.”

३

टेप खरोखरच उघडली होती. इतकी वर्षं इस्त्री केल्यासारखी राहिलेली ती कापडी पट्टी आता घाईघाईने गुंडाळलेली होती आणि बरीच लांबवर मातीने माखली होती. माती लाल होती.

“काकूंचं रान काळं आहे,” बाई म्हणाल्या. “लाल माती कुठे?”

“वर टेकाडावर. तिथे दोघंच जमीन कसतात. काकूंचा दीर आणि संघाचे अध्यक्ष.”

तरी बाईंनी आधी प्लास्टिकवाल्याला गाठलं, कारण काकूंच्या तळ्यात प्लास्टिक त्याने अंथरलं होतं आणि टेपवाले साहेब त्याच्या पातळ मालावर खार खाऊन होते हे सगळ्यांना माहीत होतं. प्लास्टिकवाला गोलमटोल आणि घाबरट होता. बाई बसायच्या आत त्याने कबुली द्यायला सुरुवात केली.

“माल पातळ आहे, बाई. मान्य आहे. पण माणूस मारायला जाड काळीज लागतं, ते माझ्याकडे नाही. काल दुपारपासून मी दवाखान्यात होतो, बायकोचं ऑपरेशन होतं. नर्सला विचारा. दारात बसून इतका रडलो की तिने मला हाकलून दिलं होतं.”

नर्सने ते खरं असल्याचं सांगितलं, आणि वर ‘पेशंटपेक्षा त्यांचाच त्रास जास्त’ असंही.

काकूंचा दीर शेळ्यांच्या गोठ्यात सापडला. भावजयीच्या जमिनीवर त्याचा डोळा आहे हे तो लपवत नव्हता.

“ती आत गेली तर जमीन तुम्हाला मिळेल,” बाई म्हणाल्या.

“मिळेल की. नको कशाला म्हणू?” दीर म्हणाला. मग जरा चुळबुळला. “पण दोर मी नेले, हे सांगून टाकतो. तळ्याचे. शेळ्या बांधायला. वहिनीला बोललो नाही. दोर असते तर साहेब वाचला असता का?”

“तो तळ्यात पडला तेव्हा जिवंत होता का, तेच मला अजून माहीत नाही.”

दिराच्या हातातला पाला गळून पडला. “म्हणजे?”

“काल तुमच्या रानात टेप लावून कुणी काही मोजलं?”

“माझ्या रानात मोजण्यासारखं आहे काय? दगड आणि शेळ्या. साहेबाला मी वरच्या अंगाला जाताना पाहिलं. बागेकडे. हाक मारली, तर थांबला नाही. तोंड असं करून चालला होता, की...” त्याने योग्य शब्द शोधला. “की पहिल्यांदाच कामाला निघालाय.”

४

अध्यक्षांची द्राक्षबाग टेकाडाच्या लाल उतारावर पसरली होती. अध्यक्षांबद्दल वाईट बोलणारा माणूस त्या भागात शोधून सापडला नसता. कुणाचा अर्ज अडला, कुणाचा सातबारा चुकला, कुणाला कचेरीत कुणी उद्धटपणे बोललं, की अध्यक्ष आपली जुनी चप्पल पायात सरकवून निघत. लहान शेतकऱ्याला वाली नाही म्हणतात, इथे होता.

“या, बाई,” ते म्हणाले. साठीचा, सडपातळ, मऊ आवाजाचा माणूस. समोर तीन निळी पिंपं होती. “हात गुंतलेत, माफ करा. आज फवारणी चुकली तर करपा सगळी बाग खाईल. काकूंचं कळलं. मी वकील बघतोय त्यांच्यासाठी.”

“साहेब काल इथे आले होते?”

“नाही बुवा.”

ते पटकन म्हणाले. बाई वेलींच्या रांगांतून चालू लागल्या. ठरावीक अंतरावर योजनेच्या पत्र्याच्या पाट्या होत्या, प्रत्येकीवर वेगळ्या लहान शेतकऱ्याचं नाव. वेगवेगळी शेतं म्हणजे मध्ये बांध हवा, निदान वाट तरी. इथे वेलींची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेली होती, कुठे तुटलेली नाही, कुठे जोड नाही. वर, चढाच्या डोक्यावर, भरलेली तळी चमकत होती.

शेवटच्या पाटीपाशी बाई थबकल्या. तिच्यावर काकूंचं नाव होतं.

“ती जमीन त्यांचीच,” मागून अध्यक्षांचा मऊ आवाज आला. “मी वाट्याने कसतो. इथे सगळ्यांचं तसंच आहे. गरिबांना एकट्याने बाग परवडत नाही, बाई.”

“काकूंना हे ठाऊक आहे?”

“सही त्यांचीच आहे. वय झालं, विसरल्या असतील.”

उत्तर चोख होतं. बाईंना त्यात बोट घालायला जागा सापडेना. अध्यक्ष परत पिंपांकडे वळले. एका पिंपात मोरचुदाचं गर्द निळं पाणी होतं, दुसऱ्यात चुन्याची निवळी. त्यांनी दोन्ही तिसऱ्या पिंपात ओतून काठीने ढवळलं. मग कमरेचा विळा काढला, पातं त्या आकाशी पाण्यात बुडवलं, थोडं थांबले आणि बाहेर काढून उन्हात धरलं. द्राक्षबाग राखणारा प्रत्येक माणूस हे फवारणीआधी करतो, इतक्या सवयीने की आपण काही केलं हे त्याच्या ध्यानातही राहत नाही.

“चुना कमी पडला,” ते स्वतःशीच म्हणाले. “मोरचूद जास्त झालं की पानं जळतात.”

“कशावरून कळतं?”

“हे काय, पातं लाल झालं ना. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं.”

त्यांनी विळा पुढे केला. पात्यावर तांबूस, न पुसली जाणारी झाक चढली होती. फौजदारबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं आणि किल्ल्यांचा जुडगा विळ्याच्या शेजारी धरला.

दोन्हींचा रंग एकच होता.

५

बाईंबरोबर आलेल्या हवालदारांनी हळूच बागेच्या वाटेवर जाऊन उभं राहणं पसंत केलं. सरळ गोष्टींची आवड असली तरी वेडीवाकडी समोर आली की ते मागे हटत नसत.

“गंज असेल,” अध्यक्ष म्हणाले.

“गंज रुमालाला लागतो. हा लागत नाही. आणि पाण्याने रंग बदलला असता तर सगळ्याच किल्ल्यांचा काहीतरी बदलला असता. पितळी किल्ल्या जशाच्या तशा आहेत, तांबं फक्त लोखंडावर बसलंय. काकूंच्या तळ्यात साधं पाणी आहे, मोरचूद त्यांनी आयुष्यात विकत आणलं नाही. त्यांची संत्र्याची कलमं अजून लहान, त्यांवर फवारणार काय?” बाई पिंपाकडे वळल्या. “किल्ल्या गळ्यात होत्या. माणसाचं डोकं धरून पिंपात दाबलं तर छातीपर्यंत भिजतो आणि किल्ल्या त्याच्या आधी. नाकातोंडात पाणी गेलं, बुडून मेला, डॉक्टर तेच सांगतात. कशात बुडाला ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता विचारू.”

“पण कुलूप...”

“दाबलं की लागतं ते. उघडायला त्याच्याच गळ्यातली किल्ली. तुम्ही त्याला आणि स्कूटरला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून संध्याकाळी खाली नेलंत. क्रेट घेऊन जाणाऱ्या तुमच्या ट्रॉलीकडे कोण बघतंय? दार उघडलंत, त्याला तळ्यात सोडलंत, बाहेरून कुलूप दाबलंत. तिथेच चुकलात. उघडं ठेवलं असतंत तर हवालदारांच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा पाय घसरला असता.”

अध्यक्ष खाली मातीत बसले.

“सवयीने लावलं,” ते पुटपुटले. “पोरं खेळायला येतात, दार उघडं राहू नये म्हणून सगळ्यांना मीच ओरडतो.”

“काकूंचंच तळं का?”

“कचेरीतलं भांडण माझ्या कानावर आलं होतं. त्या आत गेल्या असत्या तर अर्ज आपोआप निकालात निघाला असता. मग या पाटीबद्दल कुणी विचारलं नसतं.”

इतक्या थंडपणे कुणी असं सांगू शकतं याची फौजदारबाईंना मनापासून किळस आली. समोरचा माणूस राक्षस असता तर बरं झालं असतं. तो म्हातारा होता आणि त्याची चप्पल झिजलेली होती.

“इतकी वर्षं तो खुर्चीत बसून सह्या करत होता,” अध्यक्ष म्हणाले. “चहा प्यायचा, निघून जायचा. आणि काल टेप उघडून आला! या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं त्याने. म्हणाला, ही एकाच माणसाची बाग आहे, उद्या वर कळवतो. मी हातापाया पडलो. विचारलं, आजच काय झालं तुला? तर म्हणतो, ती बाई माझ्या कानात ओरडतेय, थांबतच नाही. पाठ फिरवून पिंपाशेजारच्या बादलीत हात धुवायला वाकला, आणि मी...”

त्यांनी पिंपाकडे बोट केलं.

“तुम्ही ज्यांचे अर्ज भरत होतात, त्यांच्याच वाटणीची तळी खात होतात,” बाई म्हणाल्या.

“जितकी खाल्ली त्याच्या दसपट मिळवून दिली!” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “मी नसतो तर एकालाही मिळालं नसतं. मला न्या. पण उद्या वरचे लोक संघाचा प्रत्येक अर्ज रोखतील. खरा, खोटा, सगळे. मग या लोकांना तोंड तुम्ही दाखवा.”

बाईंनी हवालदारांना खूण केली. अध्यक्षांनी उठताना सवयीने पिंपावर झाकण ठेवलं.

६

अध्यक्षांचं भाकीत खोटं ठरायला हवं होतं. ठरलं नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत संघाच्या सगळ्या सभासदांची मंजुरी थांबवली, असा हुकूम आला. शिवाय ज्यांच्या नावावर बागेतली तळी होती त्यांना नोटिसा निघाल्या. त्यात काकू होत्या. सरकारच्या लेखी त्यांनी एक तळं घेऊन फसवणूक केली होती, आणि तसं नाही हे आता त्यांनीच कोर्टात शाबीत करायचं होतं.

हे कुणीतरी सांगायला हवं होतं. फौजदारबाई स्वतः गेल्या.

काकू सुटून आल्या होत्या. सील काढलेलं होतं, पण तोवर उशीर झाला होता. खालच्या अंगाची कलमं करपून काळी पडली होती, वरच्या अंगाच्या काहींना अजून हिरवं पान होतं. पंप सुरू करून काकू एकेका खड्ड्यात पाइप धरत होत्या. पाण्याकडे त्या बघत नव्हत्या.

“माणूस मेलाय यात,” बाईंना पाहून त्या म्हणाल्या. “कळतंय मला. पण दुसरं पाणी कुठून आणू?”

“तो इथे मेला नाही, काकू.”

“पण रात्रभर इथेच होता ना.”

बाईंनी नोटिशीचं सगळं सांगितलं. मी साक्ष देईन, वकील सरकारकडून मिळतो, वेळ लागेल, असंही सांगितलं. आपण बोलतोय ते आपल्यालाच पोकळ वाटतंय हे त्यांच्या लक्षात येत होतं. काकू ऐकत ऐकत पुढच्या खड्ड्याकडे सरकल्या. तिथलं कलम पूर्ण वाळलेलं होतं. त्यांनी त्यालाही पाणी घातलं.

“सही घेतली होती त्याने,” पाइप तसाच धरून त्या म्हणाल्या. “हे वारले तेव्हा. घरी आला, जेवण घेऊन आला होता. म्हणाला, वारसाची नोंद करून देतो, इथे सही करा. मी वाचलं नाही. दुःखात होते, आणि माणूस भला वाटला.”

“तुमचा दोष नाही त्यात.”

“दोष कोण म्हणतंय?” काकूंनी पाइप खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. “त्याला धरलंत, चांगलं केलंत. फासावर द्या. पण खरं सांगू का, बाई? मी कचेरीतून रडत आले की तो चप्पल घालून माझ्याकडे यायचा. म्हणायचा, काकू, पुढच्या वर्षी तुमचं काम नक्की. आता तेवढं म्हणायलाही कुणी उरलं नाही.”